ओ दिल्याशिवाय

शिरपामाळावर मी वाघ पाहिला, ही थाप मी इतकी वर्षं मारत आलो आहे की आता त्या वाघाच्या मिशाही मला ओळखीच्या वाटतात. जव्हारच्या एसटी डेपोत मी वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या आणि गाडी लेट असली की पाशिंजरांना गोष्टी सांगून बाकड्यावर धरून ठेवायचं. पगार पहिल्या कामाचा मिळायचा, जीव दुसऱ्यात होता. कंट्रोलर रंगात आला की समजावं, नाशिक गाडी घाटात बंद पडली, असं डेपोत म्हणायचे.

निवृत्तीनंतर गोष्टी राहिल्या, बाकडं गेलं. एकदा गंगीच्या चहाच्या टपरीवर मी वाघ काढला, तर ती दूध ढवळत म्हणाली, "फोटो हाय का?"

"अगं, वाघ समोर असताना फोटो कोण काढतो?"

"आता समदे काढतात. पोरं पडली तरी पयले फोटो काढतात, मग रडतात. फोटो नाय तर वाघ नाय, कंट्रोलर."

टपरी हसली. मी घरी आलो आणि सुनेला म्हणालो, "रुचिरा, फोटोत वाघ बसवायचं कुठे शिकवतात?"

रुचिरा सरकारी कचेरीत कारकून आहे. दिवसभर साहेबांच्या फायली आणि संध्याकाळी सासऱ्याचा वाघ. तरी तिने आपला जुना लॅपटॉप पुसून माझ्यापुढे ठेवला. "बाबा, सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. आधी निवडा."

सगळ्यात नावाजलेलं होतं ते महिन्याच्या भाड्याने. घर भाड्याने असतं, लग्नातली भांडी भाड्याने असतात. रंगाचा कुंचला भाड्याने घ्यायचा हे मला पटेना. दुसरं मोबाइलवरचं. त्यात माझा फोटो टाकला तर सुरकुत्या गेल्या, रंग उजळला आणि मी लग्नपत्रिकेवरच्या नवरदेवासारखा दिसू लागलो. ते बघून रुचिरा जेवताना दोनदा उठून हसून आली. तिसरं फुकट होतं. दिसायला ओबडधोबड, बटणंच बटणं, आणि कुठलं बटण काय करतं हे सांगणारं कोणी नाही. म्हणजे थेट माझ्या शाळेसारखं. मी तेच घेतलं.

शिकलो यूट्यूबवरून. एक मुलगा "तर मित्रांनो" म्हणून सुरू करायचा आणि मला मागे टाकून निघून जायचा. पण 'लेयर' म्हणजे काय ते मला त्याच्याआधी कळलं. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी बोहाड्याचे, म्हणजे देव-राक्षसांची सोंगं नाचवतात त्या उत्सवाचे, मुखवटे बनताना पाहिले होते. चिंचोक्यांची खळ लावून कागदावर कागद बसवत जायचं. वरून राक्षस दिसतो, आत नुसते थर. सॉफ्टवेअरमध्ये तेच. वाघाचा एक थर, माळाचा एक थर. उजव्या बाजूला प्रत्येक थराची एक चिठ्ठी दिसते आणि चिठ्ठीपुढे एक बारीक डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो मिटतो आणि तेवढा थर दिसेनासा होतो. पुन्हा मारली की उघडतो.

"आणि कुठलाही साधा फोटो उघडा, चिठ्ठी एकच असणार," रुचिरा म्हणाली होती. "बाकीचे थर आपण घालायचे."

कॅलेंडरवरचा वाघ कापून मी शिरपामाळावर बसवला आणि डेपोच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. रुचिराने एक नजर टाकली. "बाबा, सूर्य डावीकडे मावळतोय आणि वाघाची सावलीही डावीकडेच पडलीय."

"तो वाघ वेगळा होता," मी म्हणालो.

एवढ्यावर राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

तो फोटो फिरत फिरत प्रतिभाकडे गेला. प्रतिभा मोखाड्याला शाळेत शिकवते. तिचा बाप रघु आमच्या डेपोत गाड्या धुवायचा. माझा दोस्त. ती आईच्या पोटात असताना दाभोशाच्या नदीच्या पुरात तो गेला. बैल सोडवायला उतरला होता. बैल वर आले, तो नाही आला. प्रेतही मिळालं नाही.

एका रविवारी ती जव्हारला आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, मग पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला.

"काका, बाबांचा एवढा एकच आहे."

फोटोत त्राटिका उभी होती. नऊवारी लुगडं, हातात लाकडी तलवार, तोंडावर हा एवढा मुखवटा: बेगडाचे डोळे, हनुवटीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. मागे टेंभ्यांचा जाळ. त्यांच्या पाड्याच्या बोहाड्यात त्राटिकेच्या सोंगाचा मान रघुच्या घराकडे होता. नाशिकहून आलेल्या कुणीतरी तो फोटो काढला आणि पुढे पोस्टाने पाठवला. तोवर रघु नव्हता.

"नवं घर झालं," प्रतिभा म्हणाली. "देवाशेजारी बाबांना लावायचंय. पण लावू काय? पाहुणे विचारतात, ही कोणती देवी? आणि आईचे डोळे चाललेत, काका. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर नाही म्हणतात. ती सांगते ते कसे दिसायचे. कपाळ असं, भुवई अशी. मी समजून घेते, पण मला चेहरा होत नाही. तिला दिसतंय तोवर एकदा तिने बघून सांगावं, हे तुझे बाबा. तुम्ही वाघ बसवलात ना. मग मुखवटा काढता येईल?"

इथे खऱ्या माणसाने सांगितलं असतं की बाई गं, मुखवट्यामागचं कॅमेऱ्याने पाहिलेलंच नाही, ते कुठून आणू? मी म्हणालो, "त्यात काय. आठ दिवसांत बापाला समोर उभा करतो."

बोलायची सवय. दुसरं काय.

रुचिराने ऑफिसच्या मशीनवर फोटो स्कॅन करून आणला. उघडला, उजवीकडे एक चिठ्ठी, एक डोळा. नियमाप्रमाणे.

मी मुखवटा खोडला. खोडलेल्या जागी आजूबाजूचं बघून भरण टाकणारं एक हत्यार त्यात आहे, ते फिरवलं. त्याने आजूबाजूचं बघितलं आणि तिथे आणखी दोन बेगडी डोळे काढले. पुन्हा खोडलं, तर जिभेशेजारी जीभ. मागे घेतलं, लहान तुकडा खोडला, तर टेंभ्याच्या जाळातून अर्धी जीभ बाहेर आली. रुचिराने एआयवाल्या एका साइटवर फोटो टाकून पाहिला. तिथून दाढीवाला, गोरापान, सिनेमात शोभेल असा गडी निघाला.

"हा द्या पाठवून," ती म्हणाली. "त्यांनी तरी कुठे पाहिलंय?"

"प्रतिभाच्या आईने, कोंडीवहिनीने पाहिलंय," मी म्हणालो.

आठ दिवसांचे कितीतरी आठ दिवस झाले. प्रतिभा फोन करायची, पण फोटोचं विचारायची नाही. तब्येत विचारायची. ते जास्त लागायचं.

एका दुपारी मी बसलो असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही गेला. लाइट आल्यावर मी मशीन सुरू केलं आणि स्कॅन पुन्हा पहिल्यापासून उघडला.

उजवीकडे दोन चिठ्ठ्या होत्या.

मी काही केलं नव्हतं. चष्मा पुसला. दोन चिठ्ठ्या, दोन डोळे. वाटलं, मागचं काहीतरी राहिलं असेल. मी वरच्या चिठ्ठीच्या डोळ्यावर टिचकी मारली.

मुखवटा गेला आणि खाली रघु होता.

घामाने डबडबलेला. केस कपाळाला चिकटलेले. दोरी जिथे काचते तिथे कानशिलावर वळ. आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. बसचं बॉनेट पडून लागलं होतं ते. मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. ती भुवई मी कुणाला सांगितली नव्हती, मशीनला तर नाहीच. ओठ थोडे उघडे होते. काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. भीती वाटली नाही. तेव्हा वाटायला हवी होती.

मी डोळा पुन्हा उघडला: त्राटिका. मिटला: रघु. मग मनात आलं, प्रतिभाच्या हातून चुकून टिचकी लागली तर? बापाच्या जागी पुन्हा ती जीभ यायला नको. खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. मी वरची चिठ्ठी ओढून त्यात टाकली, सेव्ह केलं आणि बंद केलं. नुसता डोळा मिटून ठेवला असता तरी चाललं असतं. थर जागेवर राहिला असता. पण काम पुरं करायची घाई म्हाताऱ्यांना फार.

रुचिरा आल्यावर तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "छान झालाय. कुठल्या साइटवर केलात?"

"खाली होता. दुसऱ्या थरात."

"बाबा, स्कॅनला दुसरा थर नसतो."

"होता."

"वाघही होता," ती हसून म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

प्रिंट घेऊन मी स्वतः मोखाड्याला गेलो. नव्या घराला अजून रंगाचा वास होता. प्रतिभाने फोटो हातात घेतला. आरशासमोर जाऊन उभी राहिली, एकदा फोटोत बघे, एकदा आरशात. मग आईपुढे धरला.

कोंडीवहिनीने तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. बोट फिरवत फिरवत तुटक्या भुवईवर आणलं आणि तिथेच ठेवलं.

"हेच," ती म्हणाली. "पोरी, हेच तुजे बाबा."

प्रतिभा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. थाप्या माणसाला असे प्रसंग थोडे येतात.

मग वहिनी म्हणाली, "भावजी, सोंग उतरवलं, तवा हाक कोनी मारली?"

आणि मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी विसरलोच नव्हतो. फक्त लॅपटॉपशी त्याचा संबंध जोडला नव्हता. त्यांच्या पाड्याची रीत आहे. नाच संपला की सोंग घेतलेला गडी सगळ्यांकडे पाठ करून बसतो. घरातलं कोणीतरी मागे बसून त्याला नावाने हाक मारतं. त्याने ओ दिली की मगच मानेवरची गाठ सोडायची. ओ दिल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. आत कोण आहे ते आधी विचारायचं. बायकोने नाव घ्यायचं नाही, म्हणून रघुला त्याची आई हाक मारायची. "रघ्या." "ओ." मग गाठ. तो फोटो काढला त्याच बोहाड्यात मी हे जवळून पाहिलं होतं.

"वहिनी, ती ओ तर त्याने तेव्हाच दिली होती ना?" मी म्हणालो.

"ती त्या रातीची. फोटोतला तर अजून सोंगातच उभा व्हता." तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला. "तुमी हाक मारलीत का?"

प्रतिभा माझ्याकडे बघत होती.

"मारली की," मी म्हणालो. "मारल्याशिवाय कसा काढेन?"

"ओ दिली?"

"दिली."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि फोटो देवाशेजारी ठेवायला तिने पोरीच्या हातात दिला. प्रतिभाने तो फ्रेममध्ये घातला. जुना फोटो टाकवेना, म्हणून तोही त्याच फ्रेममध्ये मागे सरकवला.

आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. त्या सगळ्या परत द्यायला तयार आहे, ही एक मागे घेता आली तर.

पंधरवडा गेला असेल. प्रतिभाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"काका, आई झोपत नाही. म्हणते, डोळे मिटले की ती दिसते."

"कोण ती?"

"त्राटिका. आधी डोळे मिटले की बाबा दिसायचे म्हणते. इतकी वर्षं दिसायचे. आता तिथे ती उभी असते. मी फोटो दाखवते तर म्हणते, हे तुजे बाबा असतील, मला आठवत नाय." मग म्हणाली, "मला चेहरा मिळाला, काका. आणि तिचा गेला."

मी लॅपटॉप उघडला. स्कॅन उघडला: एक चिठ्ठी, रघु. टाकून दिलेला थर परत आणता येतो का ते त्या "तर मित्रांनो"च्या सगळ्या व्हिडिओंत शोधलं. सेव्ह करून बंद केल्यावर मागे जाता येत नाही. अगदी पहिल्या धड्यात त्याने ते सांगितलेलं होतं.

प्रतिभाने वास्तुशांतीचे फोटो मला मोबाइलवर पाठवले होते. त्यात कोंडीवहिनीचा एक होता, नवं लुगडं नेसून भिंतीशी बसलेली. का कोण जाणे, मी तो सॉफ्टवेअरमध्ये उघडला.

उजवीकडे दोन चिठ्ठ्या होत्या.

माझा हात माउसवर होता. वरच्या चिठ्ठीपुढचा डोळा माझ्याकडे बघत होता. मी टिचकी मारली नाही. लॅपटॉपचं झाकण लावलं, सदरा चढवला आणि मोखाड्याची गाडी धरली.

दुपारचं ऊन होतं. रघुची फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. प्रतिभा हळूच म्हणाली, "आईने फिरवली."

वहिनी मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. तोंड परसाकडे, पाठ आमच्याकडे. सुपात नागली होती, पण हात थांबलेले. मी आल्याचं तिला कळलं असणार. एरवी ती भावजी म्हणून उठते. उठली नाही.

मी प्रतिभाला सगळं सांगितलं. हाक मारली नव्हती, हेही. ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"मग आता मारा," एवढंच म्हणाली. "मी आईचं नाव कसं घेऊ?"

मी वहिनीच्या मागे जाऊन बसलो. दोस्ताच्या बायकोला मी जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. 

"कोंडी."

परसात कोंबडी माती उकरत होती.

"कोंडी," मी मोठ्याने म्हणालो.

ओ आली नाही. सुपातले हात हलले नाहीत. श्वास चालू होता, तो मला तिच्या पाठीवर दिसत होता.

"आई," प्रतिभा दारातून म्हणाली. तिलाही ओ नाही.

मग मी ते केलं. का केलं ते विचारू नका. डेपोत गाडी धुवायची असली की मी खिडकीतून ज्या सुरात ओरडायचो, त्या सुरात, पण हळू, म्हणालो,

"रघ्या."

"ओ."

आवाज वहिनीचाच होता. तिने सूप बाजूला ठेवलं. मान सावकाश पुढे वाकवली. उजवा हात मागे आणून मानेवरचे केस बाजूला धरले.

ती थांबली होती.

मागच्या माणसाने आता काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं. हात पुढे करायचा आणि गाठ सोडायची. मानेवर गाठ नव्हती. नुसती म्हाताऱ्या बाईची मान, उन्हात. मी हात उचलला. तो पोचला नाही. मी उठलो, प्रतिभाला ओलांडून गेलो, आणि स्टँडवर जी पहिली गाडी उभी होती तिच्यात बसलो.

गंगीच्या टपरीवर मी हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, "ह्याचा फोटो हाय का?" मी नाही म्हणालो. लॅपटॉप रुचिराला परत दिला.

परवा प्रतिभाचा फोन आला. तेव्हापासून पहिल्यांदाच. आई जेवते, फिरते, पण बसली की मान पुढे वाकवून बसते, कुणी मागून येणार असल्यासारखी.

"मणक्याचं असेल," मी म्हणालो. "वयाने होतं. डॉक्टरला दाखव."

"दाखवलं," ती म्हणाली. "मणका चांगला आहे म्हणाले. ते मलाच विचारत होते, मानेवर हा दोरी बांधल्याचा वळ कशाचा."